हक्कसोड

"'बहिणींनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करू नये'? करिश्मा, वक्तृत्व स्पर्धेला हा काय विषय झाला?" सर वैतागले. "ऐकायला गावातलीच माणसं येणार. तुझे पप्पापण. 'मोबाईल शाप की वरदान' घे."

"नाही सर. हाच."

"अगं, भाषण समोरच्याला पटायला हवं. हे कोणाला पटणारे?"

"एकीला पटलं तरी बास."

भाषण संपलं तेव्हा टाळ्या तुरळकच पडल्या. पहिल्या रांगेतल्या पप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. करिश्मा स्टेजवरून उतरली नाही. ती पप्पांच्या शेजारी बसलेल्या बायजाआत्याकडे बघत उभी राहिली.

आत्याने पदर खोचला आणि ती भावाकडे वळली.

"भिवा, उद्या तालुक्याला सहीला मी नाय येनार."