गेटाखाली

"कार्ड दाखवा, बाई," रखवालदार ओटुओमा पुन्हा म्हणाला.

अपोंडीबाईंनी पुन्हा गळ्यातली शिट्टी दाखवली. मागे पिवळ्या जर्सीतल्या अकरा मुली उभ्या होत्या. फुटबॉलचा सामना चारला. चारला जो संघ मैदानात नाही, तो हरला. आणि आज हरलं की लीगमधून बाहेर. प्रतिस्पर्धी बँकेच्या संघातल्या मुली केव्हाच आत पळत होत्या. त्यांची सभासदाची कार्डं बँकेनेच पैसे भरून काढून दिली होती.

"अरे, या मैदानातले दगड आम्ही वेचलेत. तूही वेचलेस, ओटुओमा."

"तेव्हा मैदान होतं, बाई. आता क्रीडासंकुल झालंय."

"वर पाटी काय लावलीय? 'खेळ सर्वांसाठी'!"

"हो ना. त्या सर्वांनी कार्ड काढायचं असतं."

पलीकडे नवं हिरवंगार गवत, त्याभोवती साहेबांना चालायला लाल पट्टा आणि पाहुण्यांच्या तंबूतून तळलेल्या माशाचा वास.

गोलरक्षक अकेयो बाईंच्या कानाशी लागली. "बाई, मागच्या भिंतीवरून जाऊ या ना. आत्ता पोचतो."

सरोवराकाठच्या या शहरात भिंतीवरून जाणं ही काही नवी गोष्ट नव्हती. समोरचा संघ गेटाखाली करणी पुरतो. कोणी अंडं, कोणी मेलेला बेडूक, ज्याची जशी ऐपत. म्हणून शहाणे संघ गेटातून शिरतच नाहीत, भिंतीवरून उड्या टाकतात. अपोंडीबाईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. संघ काढला त्या वर्षी त्यांनी कुदळ घेऊन सगळ्या मुलींसमोर गेटाखालची जमीन खणली. सोड्याच्या बाटलीचं एक बूच आणि दोन गांडुळं निघाली. "घ्या, घाबरा आता या गांडुळांना!" त्या दिवसापासून शहरात ताठ मानेने गेटातून आत जाणारा एकच संघ होता. लोक हसत. बाईंना त्या हसण्याचाही अभिमान होता.

"भिंतीवरून चोर जातात," बाई म्हणाल्या. "आपण गेटातूनच जायचं."

"बाई, चार वाजतायत!"

"गेटातून."

त्यांनी क्रीडा अधिकाऱ्यांना फोन लावला. अधिकारी तंबूतच होते. तोंडात घास असावा. "सोमवारी ऑफिसात या," एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

आत शिट्टी वाजली. बँकेच्या मुलींनी समोर कोणी नसताना एकमेकींना मिठ्या मारल्या.

थोड्या वेळाने पंच गेटापाशी आले. बाहेर अवघडून उभा असलेला संघ पाहून त्यांनी मान हलवली. असे संघ त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"बाई, तुम्हीसुद्धा? अहो, शिकलेल्या तुम्ही! गेटाला घाबरलात?"

ओटुओमाने नजर बुटांकडे वळवली. अकेयो उसळून काही बोलणार, तोच बाईंनी तिचा दंड धरला.

"हो सर," त्या म्हणाल्या. "इथे खरंच पुरलंय."

पंच नकळत गेटापासून एक पाऊल मागे सरकले. "काय पुरलंय?"

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"आमचं मैदान."