चावीचं घड्याळ

शशिकलाबाईंनी चावीचं स्विस घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकली. वडिलांनी लग्नात घड्याळ दिलं ते नवऱ्याला. पुढे शशिकलाबाईंनी स्वतः दोन घेतली, तीही जावयांसाठी.

"जावईबापूंना शोभेल," दुकानदार म्हणाला.

"माझ्यासाठी घेतेय."

"मग बायकांचं नाजूक, सेलवरचं दाखवतो. रोज चावी द्यायची कटकट नाही."

"तीस वर्षं पेशंटच्या नाड्या मोजल्यात. चावी देणं जमेल मला."

सोबत आलेला मुलगा पुटपुटला, "आई, या वयात घड्याळं जमवायचा छंद कशाला?"

"सुरुवात आहे, म्हणून तर स्वस्तातलं घेतेय."

त्यांनी पट्टा स्वतःच्या मनगटावर आवळला. ते मोठं घड्याळ सगळ्यांना दिसावं म्हणून पदर मागे सारला.

"खोक्यात घालून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको, हातातच राहू दे. आणि ते निळ्या तबकडीचं बाजूला ठेवा. दिवाळीला येते."