तूप

गुप्तहेर खात्यातल्या नवख्या इंद्रजीतने साक्षीदार हणमंतरावांना मारेकऱ्यांपासून लपवण्यासाठी झाशीत आणलं. दारावर 'शर्मा' अशी पाटी ठोकली आणि मराठी शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी तंबी दिली.

गणपतीत शेजारच्या इंदूकाकू "शर्माजी, चखिए" म्हणत मोदक आणि तुपाची वाटी घेऊन आल्या. हणमंतराव चकार शब्द बोलले नाहीत. फक्त सवयीने मोदकाचं नाक मोडलं आणि आत तूप सोडलं.

"अहो, तुम्ही तर आपलेच," काकू हरखल्या आणि तासभर बसून सगळी माहिती काढून घेतली.

इंद्रजीतने हात जोडले. "काकूजी, हे बाहेर जाऊ देऊ नका."

"बाहेर कशाला जाईल? आपल्या माणसांतच राहील."

सकाळी गजबजलेल्या इलाइट चौराह्यावर मराठी गणेश मंडळाचा फलक लागला होता.


"आजची आरती: श्री. हणमंतराव, शर्मांच्या घरात लपलेले. सोबत त्यांचा अंगरक्षक, वय सव्वीस, अविवाहित."