रेत्नोताईचा गुन्हा

ईदेच्या सकाळी अख्खी गल्ली येऊन आजोबांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवते आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागते. आजोबा सगळ्यांना माफ करतात. आमची कोंबडी चोरणाऱ्या तार्जोलासुद्धा केलं. फक्त शेजारच्या रेत्नोताईला नाही.

तिचा गुन्हा काय, तर लहानपणी रोज दुपारी ती आमच्या मागच्या भिंतीवर टेनिसचा बॉल बडवायची आणि आजोबांची झोप उडवायची. तीच पुढे देशाच्या टीममध्ये गेली, मेलबर्नला खेळली, जपानमध्ये कप जिंकला. पण कुठेही असली तरी ईदेला इथे आमच्या गावी, सलातिगाला यायची, माफी मागायची, आणि आजोबा तोंड फिरवायचे.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खेळ सुटलाय. तरी कशीबशी खाली बसली.

"म्बाह," ती आजोबांना म्हणाली, "आता तर रॅकेटसुद्धा ठेवून दिली. आता तरी माफ करा ना."

"बघू पुढच्या वर्षी," आजोबा म्हणाले. "आत जा, जेवून घे. किती वाळलीयस!"

ती आत गेली आणि माझं डोकंच फिरलं. "आजोबा, हद्द झाली तुमची! कोंबडीचोराला माफी, आणि हिला नाही?"

"शाळा सोडलीस, आता अक्कलही सोडलीस का?" आजोबा खेकसले. मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "आईबाप गेले तिचे, घरही विकलं. मी माफ करून टाकलं, तर पुढच्या ईदेला ती जाणार कुणाच्या घरी?"