भिंत न धरता
वैजू भाजी आणायला गेली की मी वॉकर बाजूला ठेवून स्वयंपाकघरापर्यंत चालून यायचे आणि ती परतायच्या आत पुन्हा पलंगावर पडायचे. माझा खुबा मोडला तेव्हा ती पतसंस्थेतून बिनपगारी रजा काढून आली होती. आता पाय बरा झाला होता. पण ते सांगितलं की लेक जाणार, म्हणून रोज सांगायचं राहत होतं.

लहानपणी तीही मला असंच अडवायची. मी टेलिफोन एक्स्चेंजला कामावर निघाले की नेमकं हिचं पोट दुखायचं. मी तशीच निघून जायचे. संध्याकाळी ती अंगणात लंगडी खेळताना दिसली की विचारायचे, "थांबलं का गं पोट दुखायचं?"

आज दुपारी व्हरांड्यातून तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "आई अजून एकटी उठत नाही, साहेब. राजीनामा उद्या पाठवते."

मी उठले. वॉकर न घेता, भिंतही न धरता दारापर्यंत गेले.

"वैजू, सोमवारी येते म्हणून सांग त्यांना."

"आता कशाला? माझ्या खुर्चीत नवी मुलगी बसवलीय त्यांनी," ती म्हणाली आणि वळली. मग बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मला मान वर करवेना.

व्हरांड्यातल्या बाकावर सरकून तिने मला जागा करून दिली.

"थांबला का गं पाय दुखायचा?"