गोधडीची गाठ

विमेवाल्या काकांची मांजर काळ्या-केशरी ठिगळांची, म्हणून तिचं नाव गोधडी. अशा रंगाच्या मांजरींना म्हणे गाठी फार होतात, असं काकांनी फोनवर कुठेतरी वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यातच काकू गोधडीच्या पोटावरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "अहो, इथे दाण्याएवढं काहीतरी लागतंय."

मग काय विचारता! काकांनी ऑफिसला दांडी मारली, गोधडीला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि काकूंना घेऊन तडक दवाखाना गाठला. "दुखणं अंगावर काढायचं नसतं," हे जिन्यातल्या शेजाऱ्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत जो भेटेल त्याला ऐकवून झालं.

जनावरांच्या डॉक्टरांनी गोधडीला दोनदा चाचपून पाहिलं.

"रंगाचा काही संबंध नाही हो. पण गाठ आहे खरी. वेळेवर आणलंत, काढून टाकू. पहिल्यांदा तर माझ्याही हाताला लागली नाही. एवढीशी गाठ ओळखली कुणी?"

"आमच्या हिने!" काकांची छाती फुगली. "हिचं लक्ष फार बारीक."

काकू गोधडीचे कान खाजवत राहिल्या.



"लक्ष कसलं हो, गेल्या वर्षी तुम्हाला सांगितलं, तेव्हा माझीही एवढीच होती."