कुत्रं भुंकलं की
माझी नात तुळशी फार शेफारली आहे. संस्थानच्या शाळेत मास्तरांनी घरच्या माणसावर विनोदी कविता लिहायला सांगितली, तर कार्टीनं मलाच धरलं! जव्हारात माझ्यापुढं कुणी मान वर करत नाही. काठी घेऊन तडक वर्गात गेले. म्हटलं, "वाच माझ्यासमोर!" तिनं पाटी उचलून वाचलं, "कुत्रं भुंकलं अंगणात, आजी धावली दारात. दिसलं नाही कुणीच, मग कुत्र्याचीच वरात!" पोरं खदाखदा हसली. मास्तरांनी तोंडावर उपरणं धरलं. माझा लेक, तुळशीचा बाप, जर्मनच्या लढाईत ओझी वाहायला गेला, त्याला तीन वर्षं झाली. दाराशी का धावते, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काठी भिंतीला टेकवून मी म्हणाले, "पोरी, खरं लिहिलंस. पाटी पुसू नको. तुझा बाप आला की शेवट बदल, त्या दिवशी कुत्र्याला गूळभाकर देईन!"